टाइप १ मधुमेह घरात आहे: नातेवाइकांमधल्या ऑटोअँटिबॉडी आणि जनुकीय धोका यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एकाला टाइप १ मधुमेहाचं निदान झालं की सुरुवातीचे आठवडे इन्सुलिन, सुया आणि साखरेची मोजमापं यांतच जातात. जरा श्वास घ्यायला सवड मिळाली की दुसरा प्रश्न डोकं वर काढतो: आता पुढचा कोण? धाकट्या बहिणीला होईल का? आम्हाला अजून मूल हवं आहे, त्याचं काय? हा प्रश्न अनेक घरांत मोठ्यानं विचारलाच जात नाही. माझ्या मते तो विचारायला हवा, कारण त्याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर आज देता येतं.

सख्ख्या नातेवाइकांना टाइप १ होण्याची शक्यता किती असते?

सर्वसाधारण लोकसंख्येत ही शक्यता ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे सुमारे ३०० जणांत एक अशी धरली जाते. हे आकडे मुख्यतः युरोप आणि अमेरिकेतल्या अभ्यासांतून आलेले आहेत. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला टाइप १ असेल, तर शक्यता ५ ते ६ टक्क्यांवर जाते. वडिलांना असेल तर मुलांमध्ये ती सुमारे ६ टक्के असते आणि आईला असेल तर सुमारे ३ टक्के. आई-वडील दोघांनाही असेल तर ती बरीच वाढते, १० ते २५ टक्क्यांच्या घरात जाते. आत्या, मामा, चुलत-मावस भावंडं असं नातं लांबचं होत जातं तसा धोका उतरत जातो.

हे आकडे दोन बाजूंनी वाचता येतात. सर्वसाधारण मुलापेक्षा भावंडाचा धोका सुमारे पंधरा पट आहे, हे खरं. पण १०० भावंडांपैकी ९४-९५ जणांना हा आजार होत नाही, हेही तितकंच खरं. घाबरलेल्या पालकांच्या कानांवर बहुतेक वेळा पहिलंच वाक्य पडतं, म्हणून दुसरं मुद्दाम लिहिलं.

एकसारख्या जुळ्यांमध्ये काय होतं?

त्यांची जनुकं सारखीच असतात, तरी एकाला झाला की दुसऱ्याला लगेच होतोच असं नाही. टाइप १ असलेल्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांचा अनेक वर्षं माग ठेवणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या साठीपर्यंत सुमारे ६५ टक्के जुळ्या भावंडांना टाइप १ झाल्याचं दिसलं. काहींमध्ये दोन निदानांमधलं अंतर कित्येक वर्षांचं होतं. यातून दोन गोष्टी कळतात. एक, सगळं जनुकांवर ठरत नाही. दोन, ‘इतकी वर्षं झाली, आता काही होणार नाही’ असं जुळ्या भावंडाच्या बाबतीत छातीठोकपणे म्हणता येत नाही. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांचा धोका मात्र साध्या भावंडांच्या जवळपास असतो.

आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच नव्हता. मग हा आला कुठून?

टाइप १ झालेल्या दर दहा जणांपैकी आठ-नऊ जणांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो. धोका वाढवणारी जनुकं समाजात सर्रास आढळतात आणि ती बाळगणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. आईकडून काही आणि वडिलांकडून काही अशी ती एका मुलात एकत्र येतात, त्यात बाहेरचं काहीतरी निमित्त मिळतं आणि प्रक्रिया सुरू होते. त्यामुळे ‘तुमच्या घराण्यातून आला’ असं कुणी कुणाला म्हणण्यात अर्थ नाही. या एका वाक्यानं संसारांत कायमची कटुता आलेली असते आणि शास्त्राचा त्याला कसलाही आधार नसतो.

वडिलांना असेल तर धोका जास्त आणि आईला असेल तर कमी, हे कसं?

हा फरक अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे, पण त्याचं सर्वमान्य कारण अजून सापडलेलं नाही. गर्भाशयातच बाळाच्या प्रतिकारशक्तीला आईच्या इन्सुलिनची आणि अँटिबॉडींची ओळख होते, त्यातून काही संरक्षण मिळत असावं, असा एक अंदाज आहे.

ऑटोअँटिबॉडी म्हणजे नक्की काय?

शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूंना ओळखण्यासाठी अँटिबॉडी तयार करते. तीच यंत्रणा आपल्याच पेशींमधल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागली, तर त्यांना ऑटोअँटिबॉडी म्हणतात. टाइप १ मध्ये हा रोख स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर असतो.

यांतल्या पहिल्या अँटिबॉडी १९७४ मध्ये सापडल्या. स्वादुपिंडाच्या पातळ कापावर रुग्णाचं रक्तद्रव्य टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा इन्सुलिन बनवणारे पेशीपुंज उजळलेले दिसले. तिथपासून अँटिबॉडी नक्की कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहे, याचा उलगडा एकेक करत होत गेला: १९८३ मध्ये इन्सुलिन, १९९० मध्ये जीएडी, पुढे आयए-२ आणि २००७ मध्ये झिंक ट्रान्सपोर्टर ८. आज प्रयोगशाळेत ‘आयलेट अँटिबॉडी’ किंवा ‘डायबेटीस अँटिबॉडी’ म्हणून जी तपासणी होते, तिच्यात प्रामुख्यानं याच चार असतात. काही ठिकाणी फक्त जीएडी पाहतात. मोठ्या माणसाला टाइप १ आहे की टाइप २ हे ठरवायला ती एक अनेकदा पुरते, पण लहान भावंडाचा पुढचा धोका ओळखायला पुरत नाही. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांमध्ये बऱ्याचदा इन्सुलिनविरुद्धची अँटिबॉडी आधी उमटते आणि जीएडी नंतर येते. तपासणी लिहून घेताना किती अँटिबॉडी पाहणार आहेत, हे आवर्जून विचारा.

बीटा पेशी मारतात त्या याच अँटिबॉडी का?

नाही. तो हल्ला मुख्यतः टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. जन्मजात दोषामुळे ज्याच्या शरीरात अँटिबॉडी तयारच होऊ शकत नव्हत्या, अशा एका मुलाला टाइप १ झाल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. अँटिबॉडींशिवायही हा आजार होऊ शकतो, हे त्यावरून दिसलं. अँटिबॉडी म्हणजे आत चाललेल्या नासधुशीचा पंचनामा आहे. म्हणूनच त्या रक्तातून काढून टाकणं हा उपाय ठरत नाही आणि त्यांचा आकडा थोडा खाली आला म्हणजे आजार मागे हटला, असंही होत नाही.

मुलीच्या अहवालात एक अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आहे. आता काय समजायचं?

आधी तपासणी पुन्हा करून घ्या, नव्यानं रक्त देऊन आणि जमल्यास वेगळ्या पद्धतीनं किंवा वेगळ्या प्रयोगशाळेत. कारण साधं आहे. पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं ती रेषा बहुधा अशी आखतात, की निरोगी माणसांपैकीही साधारण १०० पैकी एक जण तिच्यावर जातो. चार वेगवेगळ्या अँटिबॉडी पाहिल्या तर अशी निरर्थक पॉझिटिव्ह येण्याची संधीही चार वेळा मिळते. त्यामुळे एकच अँटिबॉडी, तीही रेषेच्या जरा वर, असे कित्येक अहवाल दुसऱ्या तपासणीत निगेटिव्ह निघतात.

दुसऱ्यांदाही तीच आली, तर धोका वाढलेला आहे, पण सहसा वाटतो तितका नाही. अमेरिकेतलं कोलोराडो, फिनलंड आणि जर्मनी इथल्या १३,३७७ मुलांना जन्मापासून तपासत राहिलेल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये मांडली गेली. त्यात एकच अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी १० वर्षांत १४.५ टक्के मुलांना टाइप १ झाला. म्हणजे दहा वर्षांनंतरही सातांपैकी सहा मुलं ठीक होती. काहींची अँटिबॉडी पुढे नाहीशीही होते. दुसरी अँटिबॉडी उमटते का, हे पाहायला नियमित तपासणी मात्र हवी, विशेषतः पहिली दोन-तीन वर्षं.

आणि दोन किंवा जास्त आल्या तर?

इथे चित्र पालटतं. त्याच अभ्यासात दोन किंवा अधिक अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी ५ वर्षांत ४४ टक्के, १० वर्षांत ७० टक्के आणि १५ वर्षांत ८४ टक्के मुलांना टाइप १ झाला. एकही अँटिबॉडी नसलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण १५व्या वर्षापर्यंत ०.४ टक्के होतं. अँटिबॉडी वयाच्या तिसऱ्या वर्षाआधी उमटल्या असतील तर पुढची वाट जास्त वेगानं सरते: अशा मुलांपैकी सुमारे ७५ टक्के १० वर्षांत तिथे पोचली, तर तिसऱ्या वर्षानंतर उमटलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के.

या आकड्यांचं तात्पर्य मी पालकांपासून दडवू नये असं मानतो. दोन अँटिबॉडी पक्क्या ठरल्या, तर प्रश्न ‘होईल का’ असा उरत नाही, ‘कधी होईल’ असा उरतो. तो ‘कधी’ काही महिन्यांचा असू शकतो किंवा वीस वर्षांचाही. मूल आज धडधाकट आहे, खेळतं आहे, साखर अगदी नॉर्मल आहे. अशा मुलाकडे पाहून हे ऐकणं फार कठीण असतं. तरी ते ऐकलेल्या पालकांच्या हातात तयारीसाठी वेळ असतो आणि न ऐकलेल्यांच्या हातात तो नसतो.

डॉक्टर ‘स्टेज १’ म्हणाले. म्हणजे मधुमेह झाला की नाही?

नातेवाइकांच्या अभ्यासांतून मिळालेल्या माहितीवरून २०१५ मध्ये टाइप १ चे तीन टप्पे ठरवले गेले. पहिल्या टप्प्यात दोन किंवा अधिक अँटिबॉडी असतात, पण साखर पूर्ण नॉर्मल असते. दुसऱ्यात साखर बिघडायला लागलेली असते, लक्षणं मात्र नसतात: उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप) ५.७ ते ६.४. तिसरा टप्पा म्हणजे आपण आजवर ज्याला मधुमेह म्हणत आलो तो: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त. दुसऱ्या टप्प्यावरून तिसऱ्यावर ५ वर्षांत सुमारे ७५ टक्के लोक जातात.

म्हणजे वैद्यकीय भाषेत आजाराची सुरुवात पहिल्या टप्प्यातच झालेली असते. पण इन्सुलिन लागत नाही, पथ्य नाही, खेळावर बंधन नाही. शाळेच्या किंवा विम्याच्या अर्जावर काय लिहायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. ‘मधुमेही’ असा शिक्का लावून घ्यायची घाई करू नका.

जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

आधी ती काय सांगते ते पाहू. टाइप १ च्या जनुकीय धोक्यापैकी जवळपास निम्मा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए नावाच्या जनुकसमूहाचा आहे. प्रथिनांचे तुकडे प्रतिकारयंत्रणेपुढे मांडणं हे एचएलएचं काम. कोणता तुकडा कसा मांडला जातो, त्यावर ‘हा आपला की परका’ हा निवाडा होतो. डीआर३ आणि डीआर४ हे यातले दोन प्रकार धोका वाढवतात आणि दोन्ही एकाच व्यक्तीत आले तर सर्वांत जास्त. घरात कुणालाही टाइप १ नसताना हा जोड घेऊन जन्मलेल्या मुलाची शक्यता २० मध्ये १ च्या आसपास जाते. उलट डीक्यूबी१ जनुकाचा ०६:०२ हा प्रकार जबरदस्त संरक्षण देतो आणि तो असलेल्या मुलांना टाइप १ क्वचितच होतो. एचएलएखेरीज इन्सुलिनचं स्वतःचं जनुक, पीटीपीएन२२, सीटीएलए४, आयएल२आरए अशी ६० हून जास्त ठिकाणं आहेत, पण प्रत्येकाचा वाटा लहान. या सगळ्यांची बेरीज करून ‘जनुकीय जोखीम गुणांक’ काढतात.

भावंडांमध्ये एचएलएचं महत्त्व आणखी वाढतं. प्रत्येक मूल आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे एचएलएचे दोन संच घेतं. त्यामुळे दोन भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक, एकही न जुळण्याची चारात एक आणि एक जुळण्याची निम्मी असते. डीआर३ आणि डीआर४ असलेलं आणि टाइप १ झालेल्या भावंडाशी दोन्ही संच जुळणारं मूल सर्वांत जास्त धोक्याच्या गटात येतं. कोलोराडोतल्या एका अभ्यासात अशा मुलांपैकी फार मोठ्या वाट्यात १५व्या वर्षापर्यंत अँटिबॉडी उमटल्या. एकच किंवा एकही संच न जुळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के होतं.

आता मुद्द्याचं. संशोधनात जनुकतपासणी अनमोल आहे, कारण हजारो नवजात बाळांमधून कुणावर लक्ष ठेवायचं हे तिच्यामुळे निवडता येतं. एका घरासाठी मात्र मला अँटिबॉडी तपासणी जास्त उपयोगाची वाटते. जनुकं ‘काय होऊ शकतं’ ते सांगतात, अँटिबॉडी ‘काय सुरू झालं आहे’ ते सांगते. जास्त धोक्याची जनुकं असलेल्यांपैकीही बहुतेकांना काही होत नाही आणि तेवढ्यासाठी पालक वर्षानुवर्षं चिंता वाहतात. शिवाय जोखीम गुणांक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. इतर वंशांच्या लोकांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तपासणी कोणत्या वयात आणि किती वेळा?

अँटिबॉडी उमटण्याचा जोर नऊ महिने ते दोन वर्षं या वयात सर्वांत जास्त असतो. त्यामुळे तपासणी फार उशिरा सुरू करण्यात अर्थ नाही. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा दुसऱ्या आणि सहाव्या वर्षी अशी दोनदा तपासणी केली, तर १५व्या वर्षापर्यंत टाइप १ होणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के मुलं आधी ओळखता येतात, असं दिसलं. किशोरवयात आणखी एकदा करणं शहाणपणाचं. मोठ्या नातेवाइकांनीही एकदा करून घ्यायला हरकत नाही.

दोन अँटिबॉडी पक्क्या असतील तर पुढे अँटिबॉडी मोजत बसण्यापेक्षा साखरेवर लक्ष ठेवतात. २०२४ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन दिलेल्या मार्गदर्शनानुसार पहिल्या टप्प्यातल्या तीन वर्षांखालच्या मुलांची साखर दर ३ महिन्यांनी, ३ ते ९ वर्षांच्या मुलांची निदान दर ६ महिन्यांनी आणि त्याहून मोठ्यांची वर्षातून एकदा पाहावी.

सगळ्या निगेटिव्ह आल्या. सुटलो का?

आजपुरते हो. अँटिबॉडी नंतर कधीही उमटू शकतात, पण वय वाढतं तसं त्याचं प्रमाण घटत जातं. आठव्या वर्षी निगेटिव्ह असलेल्या मुलाची स्थिती दुसऱ्या वर्षी निगेटिव्ह असलेल्या मुलापेक्षा पुष्कळ भक्कम असते.

मला टाइप १ आहे आणि बाळ तीन महिन्यांचं आहे. त्याचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले.

बहुधा त्या तुमच्याच अँटिबॉडी आहेत. गरोदरपणात त्या वारेतून बाळाकडे जातात आणि हळूहळू विरतात. बाळ वर्षाचं झाल्यावर पुन्हा तपासा. तोवर या अहवालावरून काहीही ठरवू नका. अंगावर पाजणं थांबवण्याचं तर काहीच कारण नाही.

उपचारच नसेल तर आधी कळून काय मिळतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर आहे: कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होणं, टळतो.

टाइप १ चं निदान अनेक मुलांमध्ये अतिदक्षता विभागात होतं. तहान, लघवी, उतरतं वजन याकडे ‘उन्हाळा आहे’, ‘उंची वाढते आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं. मग उलट्या आणि पोटदुखी सुरू होते, तिला पोटाचा संसर्ग समजलं जातं, आणि श्वास खोल आणि जलद व्हायला लागल्यावर धावपळ होते. तोवर रक्त आम्लधर्मी झालेलं असतं. यात मेंदूला सूज येऊ शकते आणि क्वचित जीवही जातो.

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात २०१५ पासून लहान मुलांची, घरात मधुमेह असो वा नसो, अँटिबॉडी तपासणी सुरू झाली. पहिल्या ९०,६३२ मुलांपैकी २८० मुलांमध्ये दोन किंवा अधिक अँटिबॉडी सापडल्या. त्यांच्यापैकी ज्या ६२ मुलांना प्रत्यक्ष मधुमेह झाला, त्यांतल्या फक्त दोघांना कीटोअॅसिडोसिस झाला होता. एरवी त्याच देशात निदानाच्या वेळी कीटोअॅसिडोसिस असलेल्या मुलांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर असतं. हा फरक औषधानं घडवला नाही. पालकांना माहीत होतं, त्यांनी वेळेवर साखर पाहिली, बस्स. इटलीनं तर २०२३ मध्ये मुलांमधल्या टाइप १ आणि सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या) आजाराच्या देशव्यापी तपासणीसाठी कायदाच केला.

टाळण्यासाठी काही करता येतं का? साखर बंद, दूध बंद, व्हिटॅमिन डी?

साखर खाण्यानं टाइप १ होत नाही आणि बंद केल्यानं टळत नाही. लसींमुळेही होत नाही, त्या वेळेवर द्या.

प्रयत्न मात्र खूप झाले आणि ते माहीत असावेत, म्हणजे कुणी ‘खात्रीचा उपाय’ विकायला आला तर ओळखता येईल. अमेरिकेत ८४,२२८ नातेवाइकांना तपासून त्यांतल्या जास्त धोक्याच्या ३३९ जणांना निवडलं गेलं आणि निम्म्यांना इन्सुलिनची बारीक मात्रा आधीच सुरू केली. २००२ मध्ये निकाल लागला: काही उपयोग नाही. तोंडावाटे इन्सुलिन देऊन पाहिलं, एकूण गटात फरक पडला नाही. निकोटिनामाइड हे जीवनसत्त्व ५५२ नातेवाइकांवर वापरून पाहिलं, २००४ मध्ये तेही निष्फळ ठरलं. गायीच्या दुधातली प्रथिनं बाळाला आधीच तोडून दिली तर फायदा होईल का, हे १५ देशांतल्या २,१५९ बाळांवर तपासलं. सुमारे साडेअकरा वर्षं वाट पाहून २०१८ मध्ये उत्तर आलं: नाही. व्हिटॅमिन डीची कमतरता असेल तर ती भरून काढा, पण टाइप १ टाळण्यासाठी त्याच्या गोळ्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

एन्टेरोव्हायरस गटातल्या विषाणूंवरचा संशय मात्र बळावतो आहे. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधल्या आठ हजारांहून जास्त मुलांना जन्मापासून तपासत आलेल्या ‘टेडी’ या अभ्यासात हा विषाणू दीर्घकाळ शरीरात राहणं आणि अँटिबॉडी उमटणं यांत संबंध दिसला आहे. त्याविरुद्ध लस करण्याचं काम चालू आहे.

या प्रत्येक अपयशी प्रयोगात हजारो घरांनी आपली मुलं रक्त द्यायला आणली होती. पुढचं उत्तर त्यांच्यामुळेच सापडलं.

ते उत्तर म्हणजे टेप्लिझुमॅब का?

हो. हे औषध टी पेशींवरच्या सीडी३ या प्रथिनाला चिकटतं आणि हल्ला मंदावतं. ट्रायलनेट या संशोधन-जाळ्यानं दुसऱ्या टप्प्यातल्या ७६ नातेवाइकांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. औषध न घेतलेल्यांमध्ये मधुमेह प्रकट व्हायला लागणारा मध्यक काळ सुमारे २४ महिने होता, घेतलेल्यांमध्ये तो ४८ महिने झाला. पुढे आणखी काळ लक्ष ठेवल्यावर हे अंतर वाढलेलं दिसलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ८ वर्षांवरच्या, दुसऱ्या टप्प्यातल्या व्यक्तींसाठी त्याला मान्यता दिली. टाइप १ चं प्रकट होणं लांबवणारं हे पहिलं मान्यताप्राप्त औषध.

ते १४ दिवस रोज शिरेतून दिलं जातं. पांढऱ्या पेशी काही काळ कमी होतात, पुरळ आणि डोकेदुखी होऊ शकते. सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही आणि आजार कायमचा थांबत नाही. तरीही नऊ वर्षांच्या मुलाला रोज टोचणं आणि अकरा वर्षांच्या मुलाला टोचणं यांत किती अंतर आहे, हे ज्यांनी ते केलं आहे त्यांना सांगावं लागत नाही. औषधाला वयाची अट आहे, ते सगळीकडे मिळत नाही आणि अतिशय महाग आहे, हे मला मनापासून खुपतं.

मुलाला सांगावं का?

त्याच्या वयाला झेपेल तितकं आणि खरं सांगावं. ‘तुझ्या रक्तात एक खूण दिसली आहे, म्हणून आपण अधूनमधून साखर बघणार आहोत’ एवढं पाच वर्षांच्या मुलाला पुरतं. मूल रक्त का काढतात असं विचारेल तेव्हा खोटं सांगू नका, कारण पुढे त्याला तुमच्यावरच विश्वास ठेवायचा आहे. ज्याला मधुमेह आहे त्या भावंडाकडेही लक्ष असू द्या. ‘माझ्यामुळे तिला झालं’ अशी समजूत लहान मुलं मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत.

सुरुवातीचे काही महिने आई-वडिलांची झोप उडते. बहुतेकांचा ताण हळूहळू ओसरतो. ओसरला नाही तर मदत घ्या. आणि कुणाला तपासणी नकोच असेल, तर तोही मान राखण्याजोगा निर्णय आहे. फक्त त्या घरानं लक्षणं पाठ करून ठेवावीत.

मी चाळिशीत आहे, बहिणीला टाइप १ आहे. मला आता काय होणार?

हा आजार बालपणीच होतो हा समज चुकीचा आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या माहितीसंचाच्या २०१८ मधल्या अभ्यासात, साठीपर्यंत होणाऱ्या टाइप १ पैकी ४२ टक्के तिशीनंतर झालेला आढळला. मोठ्यांमध्ये तो संथपणे येऊ शकतो, म्हणून टाइप २ समजून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात. तुम्हाला ‘टाइप २’ सांगितलं असेल, गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नसेल आणि वजन उतरत असेल, तर बहिणीचा उल्लेख करून जीएडी अँटिबॉडी तपासायला सांगा.

घरात तीन पिढ्यांत मधुमेह आहे आणि अँटिबॉडी कुणातच नाहीत.

मग तो टाइप १ नसून एकाच जनुकातल्या दोषामुळे होणारा मधुमेह असू शकतो. यातल्या काही प्रकारांत इन्सुलिनऐवजी गोळ्या चालतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला असेल तर ही जनुकतपासणी हवीच. इथे मात्र जनुकं पाहण्याला पर्याय नाही.

थायरॉइड किंवा सिलिअॅकही तपासावं का?

अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या नातेवाइकांमध्ये, हो. एचएलएचे तेच प्रकार या आजारांचाही धोका वाढवतात.

लक्षणं दिसली तर अँटिबॉडीच्या अहवालाची वाट पाहायची का?

मुळीच नाही. खूप तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, वजन उतरणं, गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला घरातल्या ग्लुकोमीटरवर साखर पाहा. २०० किंवा त्यावर असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास किंवा श्वासाला फळासारखा वास असेल तर थेट रुग्णालयात जा. मागचे अहवाल निगेटिव्ह असले तरीही. इन्सुलिन सुरू करायला अँटिबॉडीचा अहवाल लागत नाही. अँटिबॉडीसाठी रक्त मात्र पहिल्या काही दिवसांतच देऊन ठेवा. इन्सुलिन सुरू होऊन साधारण दोन आठवडे झाले की बाहेरून दिलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात आणि चारांपैकी ती एक तपासणी मग उपयोगाची राहत नाही. उरलेल्या तीन नंतरही करता येतात.